शीटमधले 11 रेडिओ आणि रोज खिशात राहणारा एक

पत्र:

ताई नमस्कार. चार महिन्यांपूर्वी हॅम लायसन्स (हौशी रेडिओचा परवाना) मिळालं. परीक्षा पास झाल्या झाल्या बाओफेंग यूव्ही-5आर घेतला आणि आत्तापर्यंत त्याच्यावरच शिकलो. आता रोज जवळ ठेवायला एक चांगला हँडहेल्ड घ्यायचाय. वापर म्हणाल तर सकाळी चालताना आणि सायकलवरून ऑफिसला जाताना ऐकणं, रात्री नऊच्या नेटला, म्हणजे रेडिओवरच्या ठरलेल्या बैठकीला, चेक-इन (हजेरी), आणि महिन्यातून एकदा डोंगर. मी एक शीट केलंय, त्यात 11 मॉडेल आणि 23 कॉलम झालेत आणि मी जास्तच गोंधळलोय. त्या नेटवर विचारलं तर एक जण म्हणतो डिजिटल नसेल तर घेऊच नको, दुसरा म्हणतो 10 वॅटचा घे, तिसरा म्हणतो आहे तोच वापर. तुमचा आवडता कोणता आणि का, सरळ सांगा. अजून एक, रात्री रेडिओ लावला की शेजारच्या खोलीत आईची झोपमोड होते, त्यावर काही उपाय असेल तर तोही सांगा. मी तुमच्यापेक्षा बराच लहान आहे, अरे-तुरे केलंत तरी चालेल.

उत्तर:

सरळ विचारलंस तर सरळच सांगते, माझा आवडता यासू एफटी-60आर. बरीच वर्षं झाली, तोच. पण लगेच तो शोधायला धावू नकोस, आधी तो माझा आवडता का झाला ते ऐक, कारण ते ऐकून तू कदाचित वेगळाच घेशील आणि तुझ्यासाठी तेच बरोबर असेल.

एफटी-60आर म्हणजे साधा ॲनालॉग एफएम, व्हीएचएफ-यूएचएफ दोन बँड, 5 वॅट, एका वेळी एकच फ्रिक्वेन्सी ऐकतो. डिजिटल नाही, जीपीएस नाही, रंगीत स्क्रीन नाही, यूएसबी चार्जिंग नाही, आणि सोबतची बॅटरी निकेल मेटल हायड्राइडची 1400 एमएएच, म्हणजे जुन्या वळणाची. तुझ्या शीटमध्ये याच्या ओळीत निम्मे रकाने "नाही, नाही" असेच भरलेले असणार. पण याची बॉडी डाय-कास्ट ॲल्युमिनियमची आहे, डोक्यावर आवाजाची खरीखुरी फिरणारी नॉब आहे, तिच्याच भोवती स्क्वेल्चची (सिग्नल नसताना खरखर बंद ठेवणाऱ्या सेटिंगची) वेगळी रिंग आहे आणि शेजारी चॅनल बदलायची नॉब. मी जॅकेटच्या खिशात हात घालून, न बघता, हा रेडिओ चालू करते, आवाज जुळवते, कोणीतरी लांबून बारीक येतंय असं वाटलं की बोटाने रिंग जराशी सैल करते, तो खरखरत का होईना ऐकू येतो, झालं की परत घट्ट. मेनूत जायची वेळ येत नाही. इतकी वर्षं झाली की ते सगळं अंगवळणी पडलंय, अंगठ्याला माहितीय कुठे काय आहे.

आता हीच गोष्ट तुझ्या यूव्ही-5आरवर करून बघ. स्क्वेल्च मेनू नंबर 0, आणि रिपीटरसाठी (उंचावरून आपला सिग्नल पुढे पाठवणाऱ्या स्टेशनसाठी) लागणारा टोन, म्हणजे ओळखीचा सूर, 13, शिफ्टची दिशा 25, ऑफसेट 26. तुला हे आकडे पाठ झाले असतील, मलाही होते, आणि घरी टेबलाशी बसून ते सगळं ठीकच आहे. पण सायकल बाजूला लावून, एका हातात हातमोजा, समोरून ऊन येतंय आणि स्क्रीन दिसत नाही, अशा वेळी कोणी तरी लांबून हाक मारतंय आणि स्क्वेल्च उघडायचाय, तेव्हा मेनू, शून्य, मेनू, बाण, मेनू, एक्झिट एवढं होईपर्यंत तो माणूस निघून गेलेला असतो. लपलेलं मॉनिटर बटण आहे हे मला माहितीय आणि ते वापरावंच, पण ते दाबून धरावं लागतं आणि सायकलस्वाराकडे रिकामा हात कुठे असतो.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांकडे एससीआर-536 नावाचा हातात धरायचा सेट होता, हँडी-टॉकी हे नाव त्याच्यापासूनच रूढ झालं. वजन दोन किलोच्या वर. पण त्याला चालू-बंदचं बटणच नव्हतं, अँटेना ओढून बाहेर काढली की सेट चालू, आत ढकलली की बंद. म्हणजे चुकून चालू राहून बॅटरी संपायचा प्रश्न नाही आणि अँटेना न काढता बोलायची चूकही होणार नाही. मला हे फार आवडतं, कारण ज्याने ते बनवलं त्याने सेट वापरणारा माणूस कसा असेल, घाबरलेला, चिखलात, अंधारात, हे आधी डोळ्यासमोर आणलं होतं. रोजच्या रेडिओकडे मी याच नजरेने बघते.

तुझ्या 23 कॉलममध्ये एक कॉलम नक्की नसणार असं मला वाटतं, तो म्हणजे ऐकायला कसा आहे. तू स्वतःच लिहिलंयस, चालताना ऐकणं, सायकलवर ऐकणं, नेट ऐकणं. बोलणं फक्त चेक-इनला, तेही दोन वाक्यं. म्हणजे तुझा रेडिओ दिवसभर काम करणार ते कानाचं, तोंडाचं नाही. आणि आपण सगळे रेडिओ घेताना बघतो काय तर किती वॅट बाहेर फेकतो. हे उलटं आहे रे.

ऐकायचं म्हणजे तीन गोष्टी बघ. पहिली स्पीकर. रस्त्यावर किंवा नळ वाहत असताना आवाज फाटतो का, बोलणाऱ्याचे शब्द सुटे ऐकू येतात का. माहितीपत्रकात ऑडिओ आउटपुट मिलीवॅटमध्ये दिलेला असतो, त्याच्यावर फार जाऊ नकोस, जोरात आणि स्पष्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट, आणि ही तुझ्या आईसाठी, अगदी हळू आवाज किती हळू होतो. काही रेडिओंमध्ये आवाज पायऱ्यांनी वाढतो आणि पहिली पायरीच रात्रीच्या शांततेत मोठी असते, त्याच्या खाली थेट शून्य. दुकानात हे कोणाच्या लक्षातच येत नाही कारण तिथे गडबड असते. रात्री अकरा वाजता येतं. म्हणून घ्यायच्या आधी शांत खोलीत सगळ्यात कमी आवाजावर ऐकून बघ. आणि प्रत्येक बटणाला होणारा बीप बंद करता येतो का तेही बघ, बहुतेकांमध्ये येतो पण सेटिंग शोधावं लागतं. आजपासूनच्या उपायासाठी सांगते, एका कानाचा इअरपीस घे, यूव्ही-5आरला केनवूड पद्धतीचा दोन पिनांचा प्लग लागतो, पुष्कळ चिनी बनावटीच्या रेडिओंना तोच चालतो. आई उद्यापासून शांत झोपेल, नवीन रेडिओची वाट बघायला नको. सायकलवर पण एकाच कानात घाल, आणि बोलायचं झालं तर थांबून, पाय टेकून बोल. चालत्या सायकलवर पीटीटी (बोलायचं बटण) दाबू नकोस, हे मी अगदी हात जोडून सांगते.

तिसरी गोष्ट रिसीव्हर. ही थोडी किचकट आहे पण तू डोंगरावर जातोस म्हणून सांगायलाच हवी. स्वस्त रेडिओंमध्ये बहुधा सगळा रिसीव्हर एका चिपमध्ये असतो, त्यामुळेच ते स्वस्त आणि हलके होतात, ही काही वाईट गोष्ट नाही, त्या चिपमुळे कित्येक जण या छंदात आले. पण जवळपास तगडा ट्रान्समीटर असला की असा रिसीव्हर गुदमरतो, त्याला हवं ते बारीक सिग्नल ऐकूच येत नाही, स्क्वेल्च पण उघडत नाही, म्हणजे तुला वाटतं बँडवर कोणी नाहीच. एफटी-60आरसारखे जुन्या पद्धतीचे डबल कन्व्हर्शन सुपरहेटरोडाइन रेडिओ याला पुष्कळ जास्त तग धरतात. आणि डोंगरमाथ्यावर काय असतं? टॉवर. माझ्याकडच्या एका स्वस्त सेटवर मी माथ्यावर टॉवरच्या पायथ्याशी उभी राहून अर्धा तास हाका मारत होते आणि कोणी उत्तर देत नाही म्हणून हिरमुसले होते. खाली आल्यावर कळलं की तीन जण मला उत्तर देत होते, माझा आवाज त्यांना छान पोचत होता, मलाच त्यांचा येत नव्हता. अशा वेळी टॉवरपासून लांब जायचं, माथ्याच्या दुसऱ्या बाजूला उतरायचं, खडकाची आड घ्यायची, आणि मोठी अँटेना लावली असेल तर काढून छोटी लावायची. हो, छोटी. गुदमरलेल्या रिसीव्हरला मोठी अँटेना आणखी गुदमरवते.

आता तो 10 वॅटवाला मित्र. त्याचा हेतू चांगला आहे पण हिशोब बघ. 5 वॅटचे 10 वॅट केले की वाढतात 3 डेसिबल. एस-मीटरचं, म्हणजे सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मीटरचं, एक एस-युनिट रीतसर धरलं तर 6 डेसिबलचं. म्हणजे दुप्पट पॉवर करून समोरच्याच्या मीटरवर अर्धं युनिट. आणि त्यासाठी बॅटरीतून करंट जवळजवळ दुप्पट जाणार, रेडिओ हातात तापणार, आणि तोंडाजवळ धरलेल्या अँटेनातून तेवढी ऊर्जा डोक्याच्या शेजारून जाणार. रोजच्या वापराला मला हे पटत नाही. मी तर उलट सांगेन, रिपीटर 1 वॅटने उघडत असेल तर 1 वॅटच ठेव. काही रेडिओंमध्ये पॉवरच्या जास्त पायऱ्या असतात, जसं यासू व्हीएक्स-6आरमध्ये 0.3, 1, 2.5 आणि 5, ते मला फार कामाचं वाटतं.

व्हीएचएफ-यूएचएफवर अंतर वॅटने ठरत नाही, उंचीने ठरतं. एक साधं गणित लक्षात ठेव, अँटेनाची उंची मीटरमध्ये घे, वर्गमूळ काढ, 4.12 ने गुण, तेवढे किलोमीटर क्षितिज. माणूस सपाटीवर उभा, रेडिओ दीड मीटरवर, तर 5 किलोमीटर. दोघे सपाटीवर असाल तर दोघांचं मिळून 10, ते पण मध्ये काहीच नसेल तर, घरं-झाडं आली की एक-दोन किलोमीटरवर पण गाडी अडते. आणि तू आसपासच्या सपाटीपासून 100 मीटर उंचावर गेलास की एकट्या तुझेच 41 किलोमीटर. म्हणूनच डोंगरावरून अर्ध्या वॅटवर मजेत बोलता येतं आणि दरीत उतरलं की 10 वॅटही भिंतीवर डोकं आपटतात.

म्हणून नवीन रेडिओच्या आधी अँटेनाकडे बघ. 145 मेगाहर्ट्झची तरंगलांबी साधारण 2.07 मीटर, तिचा पाव भाग म्हणजे अर्धा मीटरभर. आणि रेडिओसोबत येते ती रबरी अँटेना असते वीतभर, आत वेटोळं घालून लांबी कोंबलेली. चालून जातं, पण पुरी लांबी नसल्याचा तोटा होतोच. यूएचएफवर पाव लांबी 17 सेंटीमीटरच येते, म्हणून तिथे हीच अँटेना बरी वागते. डोंगरासाठी एक पाव-लांबीची लवचिक व्हिप बॅगेत ठेव. आणि फुकटातला उपाय म्हणजे शेपूट, सुमारे 49 सेंटीमीटरची मऊ वायर, एका टोकाला छोटी रिंग, ती अँटेनाच्या मुळाशी बाहेरच्या धातूला टेकेल अशी बसवायची आणि खाली लोंबती सोडायची. हातात धरलेल्या रेडिओला जमीन मिळत नाही, ती कमी ही वायर थोडी भरून काढते. दोन मीटर बँडवर फरक कानाला कळतो, मी कितीतरी नवीन लोकांना ही वायर करून दिलीय आणि त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो. फक्त कनेक्टरचा मधला भाग आणि बाहेरचा भाग एकमेकांना शिवणार नाहीत याची काळजी घे, नाहीतर पीटीटी दाबल्यावर सेटचं नुकसान.

अँटेना घेताना एक फसगत सांगून ठेवते. बाओफेंगच्या अंगावर एसएमए जातीचा मेल कनेक्टर असतो, म्हणजे त्याला फीमेल अँटेना लागते. यासूचे एफटी-60आर आणि व्हीएक्स-6आर बरोबर उलटे, रेडिओवर फीमेल. दोन्ही दिसायला एकाच मापाचे सोनेरी आटे, त्यामुळे आधीची अँटेना नवीन रेडिओला बसेल असं धरून चालू नकोस. अडॅप्टर मिळतो पण लांब व्हिपखाली अडॅप्टर म्हणजे त्या एवढ्याशा सॉकेटवर तरफ लावल्यासारखं होतं, बॅगेत कुठे अडकलं की सॉकेट सैल.

आणि बोलताना उभा धर. रिपीटरची अँटेना उभी असते, तू रेडिओ आडवा धरून तोंडासमोर बोललास की ध्रुवण जुळत नाही, सिग्नल पडतो. कमरेला लावून स्पीकर-माइकवर बोललास तर निम्मा सिग्नल तुझं शरीरच खातं, त्यामुळे सायकलवर सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यावर, वरच्या बाजूला लाव. चालताना एखाद्या जागी आवाज अचानक मेला तर एक पाऊल सरक, खरंच एकच, भिंतींवरून आपटून आलेल्या लाटा काही जागी एकमेकींना मारतात आणि दोन मीटर बँडवर अर्ध्या-एक मीटरवर परत सगळं छान असतं. लोक तिथेच उभे राहून पॉवर वाढवत बसतात.

डिजिटलबद्दल थोडक्यात, कारण याचं उत्तर माझ्याकडे नाहीच, तुझ्या भागातल्या रिपीटरकडे आहे. डी-स्टार, डीएमआर आणि यासूचा सी4एफएम, तिघांची भाषा वेगळी, एकाचं दुसऱ्याला कळत नाही. तुझ्या नऊच्या नेटचा रिपीटर ॲनालॉग असेल तर डिजिटल रेडिओ घेऊनही तू बोलणार एफएमवरच. मित्रमंडळी डीएमआरवर असतील तर एनीटोन 878 सारखा काहीतरी लागेल आणि मग कोडप्लग (रेडिओत भरायची सगळ्या सेटिंगची फाइल) बनवायला दोन-तीन संध्याकाळी बाजूला काढ, पहिला कोडप्लग कोणाकडून तरी तयार मागून घे आणि उघडून समजून घे. डी-स्टार असेल तर आयकॉम आयडी-52 किंवा केनवूड टीएच-डी75, डी75 मध्ये एपीआरएस (रेडिओवरून आपली जागा कळवायची सोय) पण छान आहे आणि दोन फ्रिक्वेन्सी खरोखर एकदम ऐकता येतात, यूव्ही-5आरसारखं इकडून तिकडे उड्या मारत नाही. पण डिजिटल कडेला गेलं की तुटतं, शब्द रोबोटसारखे होतात आणि मग एकदम काहीच नाही. एफएम खरखरत खरखरत जातं, आणि त्या खरखरीतून सवयीचा कान नाव आणि जागा एवढं तरी उचलतो. डोंगरावर मला ते हवं असतं.

बॅटरीच्या कॉलममध्ये तू एमएएच लिहिले असशील. ते खोडून वॉट-अवर लिही, एमएएच गुणिले व्होल्ट भागिले हजार. एफटी-60आरचे 7.2 व्होल्टला 1400, म्हणजे 10 च्या आसपास. यासू एफटी-65आरचे 7.4 ला 1950, म्हणजे 14 च्या वर. आणि माहितीपत्रकात "इतके तास चालते" लिहिलेलं असतं ते बहुधा 5-5-90 च्या हिशोबाने, 5 टक्के बोलणं, 5 टक्के ऐकणं, 90 टक्के शांत. तू नेट ऐकत बसणार म्हणजे तुझं ऐकणंच पुष्कळ जास्त, त्यामुळे तो आकडा तुझा नव्हे. बॅटरी सेव्हर चालू ठेवलास तर रिसीव्हर मधूनमधून डुलकी घेतो, वेळ वाढतो पण समोरच्याचा पहिला शब्द कधी कधी कापला जातो. नेटच्या वेळी तो बंद कर. तू स्वतः बोलताना पण पीटीटी दाबून अर्धा सेकंद थांब आणि मग बोल, टोन ओळखून रिपीटर उठायला तेवढा वेळ लागतो, नाहीतर तुझ्या कॉलसाइनचं पहिलं अक्षर रोज गायब.

माझ्या सेटला सहा एए सेलची वेगळी केस मिळते, ती मी जवळ बाळगते. लाइट गेली, दोन दिवस आली नाही, तरी कपाटातले सेल घालून कमी पॉवरवर काम चालतं. तुझ्यासाठी कदाचित यूएसबी-सी चार्जिंग जास्त सोयीचं असेल, ऑफिसात फोनच्याच चार्जरवर लागतो. दोन्हीपैकी एक असेल तर उत्तम. फक्त स्वतःच्या पाळण्यातच चार्ज होणारा रेडिओ, आणि तो पाळणा घरी, हे रोजच्या वापराला अडचणीचं.

एक गोष्ट मला लागून राहिलीय ती सांगते. सुरुवातीच्या वर्षात एकदा मी रेडिओ चालू ठेवून बॅगेत टाकला, वर एक वही, वहीचा कोपरा पीटीटीवर. मी बसमध्ये, आणि माझी बॅग रिपीटरवर प्रसारण करतेय. बसचा आवाज, माझं शेजारणीशी बोलणं, सगळं. त्या वेळी रिपीटरवर एक जण रस्त्यावरच्या अपघाताची खबर द्यायचा प्रयत्न करत होता आणि त्याला जागाच मिळेना. रिपीटरच्या टाइमरने मला तोडलं म्हणून त्याला बोलता आलं. कोणी मला रागावलं नाही, पण मला त्या रात्री झोप लागली नाही. तेव्हापासून कुठलाही रेडिओ हातात आला की मी आधी तीन गोष्टी बघते. पीटीटी बॉडीच्या पातळीत आहे का बाहेर आलेलं आहे, की-लॉक लावल्यावर पीटीटी पण लॉक करता येतं का, नुसते आकडे नव्हेत, आणि टाइम-आउट टाइमर किती मिनिटांवर आहे. तुझ्या आत्ताच्या रेडिओत तो टाइमर आहे, आजच 1 मिनिटावर आण. एवढं तर आजच कर, बाकीचं नंतर.

बरं, मग घ्यायचा कोणता. तुझा नेट ॲनालॉग आहे असं धरून मी शीटमध्ये तीनच ओळी ठेवल्या असत्या. एक, एफटी-60आर, वजन 370 ग्रॅम, दणकट, कान चांगला, पण जुन्या बॅटरीचा. वापरलेला घेत असलास तर बॅटरी नवीन घ्यावी लागेल असंच धरून चाल आणि दोन्ही नॉब फिरवून कुठे खरखर येते का बघ. दोन, व्हीएक्स-6आर, 270 ग्रॅम, लिथियम-आयन, आणि जवळजवळ एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल असा बनवलेला. पावसात सायकल चालवत असशील तर हा. पण बाजूची रबरी झाकणं नीट दाबलेली असतील तरच, इअरपीस लावला की ते झाकण उघडं आणि मग तो पाण्याचा दावा विसरायचा. तीन, एफटी-65आर, आयपी54 म्हणजे शिंतोड्यांपुरता, बॅटरी दांडगी, आवाजाची नॉब आहे आणि हवं ते काम नेमून देता येतील अशी चार बटणं आहेत, म्हणजे मेनूत जायची कटकट कमी. चॅनल बदलायला मात्र नॉब नाही, बाण दाबावे लागतात.

100 ग्रॅमचा फरक कागदावर काहीच वाटत नाही. रोज सकाळी चालताना शर्टच्या खिशात ठेवून बघ मग कळेल, मला 370 चालतात कारण मी जॅकेट घालते. तुझ्या जागी मी असते तर व्हीएक्स-6आर आणि एफटी-65आर हे दोन हातात घेऊन बघितले असते, आणि सायकल, पाऊस, डोंगर बघता व्हीएक्सकडे माझा कल गेला असता. पण हातात घेतल्याशिवाय पक्कं करू नकोस.

हातात घेणं म्हणजे दुकानात दोन मिनिटं नव्हे. नेटवरच्या मंडळींकडे यातला एखादा असणारच, आठवड्यासाठी मागून घे, हॅम लोक देतात, आपल्यात ही पद्धत जुनी आहे. आणि मग डोळे मिटून चालू कर, आवाज कमी कर, पुढच्या चॅनलवर जा, लॉक कर, लॉक काढ. जाड हातमोजा घालून तेच कर. उन्हात स्क्रीन वाच. रात्री सगळ्यात कमी आवाजावर उशाशी ठेव. कॉम्प्युटर न वापरता एक नवीन रिपीटर टोनसकट भरून बघ, कारण चर्प सॉफ्टवेअर आणि केबल घरी असताना ठीक आहे, फुकट आहे, खूप रेडिओंना चालतं आणि वापरच, पण डोंगरावर कोणी ऐन वेळी म्हणालं की आज त्या दुसऱ्या रिपीटरवर या, टोन 88.5, तर तुला उभ्या उभ्या ते करता आलं पाहिजे. आठवड्याच्या शेवटी बघ, घरातून निघताना किल्ल्यांबरोबर तो आपोआप उचलला जातोय का टेबलावरच राहतोय. राहत असेल तर परत करून दुसरा माग.

आणि तिसऱ्या मित्राचं म्हणणं, आहे तोच वापर, ते अर्धं मी पण म्हणते. यूव्ही-5आर विकू नकोस, विकून हातात फार येणार नाही आणि दुसरा रेडिओ असणं हीच मोठी सोय आहे. त्याची लिथियम बॅटरी निम्म्याच्या आसपास चार्ज करून, सेटपासून सुटी करून सॅकमध्ये ठेव, दोन महिन्यांनी एकदा बघत जा. आणि नवीन रेडिओत चॅनल भरशील तेव्हा क्रमांक तेच ठेव, 1 वर नऊच्या नेटचा रिपीटर असेल तर दोन्हीत 1 वरच, डोंगरावरची सिम्प्लेक्स (रिपीटरशिवाय थेट बोलायची फ्रिक्वेन्सी) 5 वर असेल तर दोन्हीत 5 वर, म्हणजे कधी घाईत सोबत्याच्या हातात जुना सेट दिलास तर "पाचवर ये" एवढंच सांगावं लागेल.

73, म्हणजे आम्हा हॅम मंडळींच्या शुभेच्छा.